खेळावरून मन उडतंय तेव्हा: विद्यार्थी खेळाडूंमधल्या बर्नआउटची मानसिक कारणं कशी शोधायची आणि त्यावर काय करायचं

गजर वाजतो, मूल उठतं, बॅग उचलतं आणि सरावाला जातं. सांगितलेलं सगळं करतं आणि परत येतं. तक्रार काही नाही. फक्त पूर्वी जेवताना सरावातल्या गमती सांगायचं, ते कधी बंद झालं कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. सामना जिंकला तरी चेहऱ्यावर आनंद दिसत नाही, ‘सुटलो एकदाचा’ असा भाव दिसतो. घरच्यांना वाटतं, मूल मोठं झालं. प्रशिक्षकांना वाटतं, शिस्त लागली.

हा लेख अशा मुलांच्या आईवडिलांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी आहे. शेवटाकडे एक भाग थेट खेळाडूसाठी आहे.

बर्नआउट म्हणजे खेळाने मन थकून त्यातून उडून जाणं. ते म्हटलं की पहिला उपाय सुचतो तो सराव कमी करण्याचा. पण १९९६ मध्ये क्रीडा मानसशास्त्रज्ञ डॅनियल गुल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ज्युनियर टेनिसपटूंचा अभ्यास केला, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. बर्नआउट झालेली मुलं इतरांपेक्षा जास्त सराव करणारी नव्हती. फरक होता तो मनाच्या पातळीवर. स्वतःच्या प्रशिक्षणात त्यांचं म्हणणं कमी विचारलं जात होतं आणि चुकांची धास्ती जास्त होती. माझा सगळा भर यावरच आहे. ज्या मुलाला आपल्या खेळाबद्दल काही ठरवता येत नाही आणि बाहेर पडायची वाटही दिसत नाही, ते बेताच्या सरावातही विझत जातं. त्याला पंधरा दिवस सुट्टी देऊन पुन्हा त्याच परिस्थितीत पाठवलं, तर पंधरा दिवसांनी ते पुन्हा तिथेच येऊन उभं राहतं.

पायरी १: साधा थकवा की बर्नआउट?

खेळाडूंच्या बर्नआउटचे तीन धागे मानले जातात. २००१ मध्ये थॉमस रेडेकी आणि अ‍ॅलन स्मिथ यांनी याच तीन धाग्यांवर १५ विधानांची प्रश्नावली बनवली आणि संशोधनात ती आजही वापरली जाते. पहिला धागा म्हणजे शरीराचा आणि मनाचा, झोपूनही न उतरणारा थकवा. दुसरा, ‘कितीही केलं तरी मला जमतच नाही’ ही भावना. निकाल चांगले लागत असतानाही ती असू शकते. तिसरा, खेळाची मनातली किंमत उतरणं. एके काळी ज्या खेळावर जीव होता, त्याबद्दल ‘जिंकलो काय, हरलो काय’ असं वाटू लागतं.

मी या तिसऱ्या धाग्याकडे सर्वात आधी बघायला सांगेन. थकवा हंगामाच्या मध्यात कोणालाही येतो. पराभवानंतर ‘जमत नाही’ असंही कोणालाही वाटतं. पण ज्या खेळासाठी मूल पावसात भिजत धावायचं त्याच्याबद्दल ते कोरडेपणाने बोलायला लागलं, संघातल्या मित्रांच्या उत्साहाचीही त्याला चीड यायला लागली, तर थांबून बघायची वेळ झाली आहे.

साधा थकवा असेल तर दोन-तीन दिवस नीट झोप आणि मोकळा वेळ मिळाला की पाय आपोआप मैदानाकडे वळतात. ओव्हरट्रेनिंगमध्ये, म्हणजे शरीराला झेपेल त्याहून जास्त सराव झाल्यावर, शरीराची कामगिरी घसरते आणि आठवडेच्या आठवडे विश्रांती घेऊनही सावरत नाही; पण मनात खेळायची ओढ टिकून असू शकते. बर्नआउटमध्ये ओढच आटते. हे दोन्ही एकत्रही असू शकतं, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसऱ्याचा शोध सोडू नका.

बर्नआउट हे वैद्यकीय निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणातही कामाच्या ठिकाणचं बर्नआउट आजार म्हणून न नोंदवता कामाशी जोडलेली एक अवस्था म्हणून नोंदवलं आहे. रक्त तपासून ते कळत नाही. बोलून आणि निरीक्षण करूनच कळतं.

पायरी २: ज्या गोष्टींना थांबून चालणार नाही, त्या आधी बघा

मानसिक कारणांकडे वळण्यापूर्वी डॉक्टरांकडे एक फेरी करा. शरीरातलं लोह कमी होणं, थायरॉइडचा त्रास, विषाणूजन्य तापानंतरचा अशक्तपणा यांतलं काहीही बाहेरून बर्नआउटसारखं दिसू शकतं. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडत असेल, तरीही तसंच होतं. मुलींची पाळी अनियमित झाली किंवा बंद झाली, तर ‘सराव जास्त आहे म्हणून असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. ती धोक्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट नैराश्याची. बर्नआउट सुरुवातीला बहुधा खेळापुरतं असतं. मैदान नकोसं वाटतं, पण मित्रांबरोबर भटकताना मूल खुलतं. सगळ्यातलाच रस गेला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ गाठा. स्वतःला इजा करण्याचं किंवा जगण्यात अर्थ नसल्याचं बोलणं कानावर आलं, तर त्याच दिवशी मदत मिळवा आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका. ‘लक्ष वेधून घेतंय’ हे वाक्य अशा वेळी मनातसुद्धा आणू नका.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड, पण वगळता न येणारी. मूल खेळाला टाळतंय की खेळाच्या ठिकाणच्या एखाद्या माणसाला, हे नीट बघा. ठरावीक व्यक्ती असली की पोटात दुखतं, ठरावीक शिबिराला जायचं नाही, कपडे बदलण्याच्या खोलीबद्दल विचारलं की गप्प होतं, अशा वेळी बर्नआउटची चर्चा बाजूला ठेवा. तिथे छळ किंवा अत्याचार होत असण्याची शक्यता धरून मुलाला आधी सुरक्षित करायचं असतं.

पायरी ३: दोन आठवड्यांची वही

आता एक वही घ्या. नोंद मुलाने स्वतः करायची. तुम्ही ती रोज उघडून बघायची नाही. दोन आठवड्यांनी, मूल तयार असेल तर, एकत्र बसून वाचायची. हा नियम मोडला तर वहीसुद्धा आणखी एक परीक्षा होऊन बसते.

रोजच्या नोंदी मोजक्याच. सराव किती मिनिटं झाला आणि किती जड गेला, हे ० ते १० मध्ये. जड गेल्याचा आकडा सराव संपल्यावर अर्ध्या तासाने लिहायचा. लगेच लिहिला तर शेवटच्या कठीण दहा मिनिटांचाच ठसा त्यावर उमटतो. मिनिटं गुणिले हा आकडा म्हणजे त्या दिवसाचा भार. ९० मिनिटांचा सराव ७ इतका जड गेला तर ६३०. व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत साधी असली तरी मोठमोठे संघही वापरतात. फॉस्टर यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: रोजचा भार जवळपास सारखाच असेल, म्हणजे जड दिवस आणि हलका दिवस असा फरकच नसेल, तर तेवढाच एकूण भार शरीराला जास्त त्रास देतो. मनालाही एकसुरीपणाचा जाच होतोच.

याशिवाय झोपेचे तास लिहायचे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८ ते १० तास झोप लागते.

पुढच्या तीन नोंदी माझ्या दृष्टीने सर्वात मोलाच्या. सरावाला निघताना किती जावंसं वाटलं, ० ते १०. परत आल्यावर कसं वाटलं, ० ते १०. आणि एक ओळ: आज सरावात मी स्वतः काय ठरवलं?

दोन आठवड्यांनी या नोंदी बरंच काही सांगतात. निघताना २ आणि परतताना ७ असं वारंवार दिसलं, तर खेळाची गोडी अजून शिल्लक आहे. अडचण मैदानाबाहेर आहे. अपुरी झोप, अभ्यासाची चिंता, घरातलं बोलणं तपासा. उलट निघताना ६ आणि परतताना २ असेल, तर मैदानावरच काहीतरी घडतंय. दोन्ही आकडे तळाला असतील, तर पुढची पायरी सावकाश आणि मन लावून वाचा. आणि शेवटची ओळ चौदा दिवस कोरी राहिली असेल, तर तुमच्या हाती बहुधा मुख्य धागाच लागला आहे.

पायरी ४: कारण शोधा

इथे घाई करू नका. बहुतेक मुलांच्या बाबतीत एकापेक्षा जास्त कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

*अडकलेपण.* १९९७ मध्ये रेडेकी यांनी १३ ते १८ वर्षांच्या जलतरणपटूंचा अभ्यास करून विचारलं की बर्नआउट म्हणजे फक्त ताण आहे का. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: काही मुलं खेळात असतात कारण त्यांना खेळायचं असतं, आणि काही असतात कारण त्यांना सोडता येत नाही. आनंद आटत चाललाय, किंमत वाढत चाललीय, तरी मूल तिथेच राहतं. कारण इतकी वर्षं घातली, घरच्यांनी पैसा आणि वेळ ओतला, शिष्यवृत्ती किंवा प्रवेश खेळावर अवलंबून आहे, सगळे मित्र इथेच आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हे तपासायला एक प्रश्न विचारा: ‘उद्या कोणालाही वाईट न वाटता, काहीही न गमावता खेळ सोडता आला, तर सोडशील?’ पटकन ‘हो’ आलं तर मूल अडकलेलं आहे. ‘नाही, पण…’ आलं तर त्या ‘पण’च्या पुढे जे येईल ते शब्दशः लिहून ठेवा. तुम्हाला काम त्याच्यावरच करायचं आहे.

उपाय धाडसाचा वाटेल. मुलाला बाहेरचं दार दाखवा, आणि खरोखर उघडून दाखवा. खेळ सोडला तर शिष्यवृत्तीचं काय होईल, दुसरा कोणता मार्ग आहे, शाळा किंवा महाविद्यालय बदलावं लागेल का, हे कागदावर मांडा. मनात मोघम असलेली भीती कागदावर आली की तिला आकार येतो, मर्यादाही येते. ‘दार दाखवलं तर मूल निघूनच जाईल’ ही पालकांची भीती मला समजते. पण जे मूल केवळ दार बंद आहे म्हणून आत बसलंय, ते मनाने कधीच निघून गेलेलं असतं. दार उघडं असताना ते आत थांबलं, तर ते थांबणं त्याचं स्वतःचं असतं.

*एकच ओळख.* समाजशास्त्रज्ञ जे कोकली यांनी १९९२ मध्ये बर्नआउट झालेल्या किशोरवयीन खेळाडूंबद्दल लिहिताना एक मूलभूत प्रश्न विचारला: हे त्या मुलाचं वैयक्तिक अपयश आहे, की आपण उभारलेल्या व्यवस्थेचा परिणाम? त्यांचं निरीक्षण असं की या मुलांचं सगळं आयुष्य खेळाभोवती असं रचलेलं असतं की त्यांना ‘खेळाडू’ याखेरीज दुसरी ओळख घडवायला वावच राहत नाही, आणि त्या आयुष्याची सूत्रंही मोठ्यांच्या हाती असतात.

खेळाडू म्हणून ठाम ओळख असणं वाईट नाही. त्यातून चिकाटी येते. पण घराला एकच खांब असेल तर त्याला तडा गेल्यावर छप्पर खाली येतं. दुखापत झाली, संघातून नाव गेलं, तर ‘मग मी कोण?’ असा प्रश्न उभा राहतो. नातेवाईक मुलाला भेटल्यावर पहिलं काय विचारतात ते ऐका. ‘काय, कसा चाललाय खेळ?’ याशिवाय दुसरा प्रश्नच येत नसेल, तर मुलालाही तेच आपलं नाव वाटायला लागतं. आठवड्यातून निदान दोन तास अशा गोष्टीसाठी ठेवा जिथे कोणी त्याला खेळाडू म्हणून ओळखत नाही आणि जिथे गुण, पदक, क्रमवारी काहीच नाही.

*परफेक्शनिझम.* म्हणजे सगळं बिनचूकच हवं हा हट्ट. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या सोडवून घ्या. एक म्हणजे स्वतःसाठी उंच ध्येय ठेवणं. दुसरी म्हणजे चुकीची धास्ती, लोक काय म्हणतील याची चिंता, आणि चूक झाली की स्वतःला सोलून काढणं. अँड्र्यू हिल आणि थॉमस कुरन यांनी २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बर्नआउटशी ठळक नातं या दुसऱ्या भागाचं निघालं. उंच ध्येयाचं तसं नातं दिसलं नाही. म्हणून मुलाला ‘एवढी मोठी स्वप्नं बघू नकोस’ असं सांगण्याची गरज नाही. चूक झाल्यानंतरच्या पाच मिनिटांत मूल स्वतःशी काय बोलतं, यावर काम करायचं. ते शब्द लिहून घ्या आणि विचारा, ‘हेच तुझ्या जिवलग मित्राकडून चुकलं असतं, तर त्याला असंच बोलला असतास?’ एकदा विचारून भागत नाही. महिनोन्‌महिने हा प्रश्न सोबत ठेवावा लागतो.

*अटी लागलेलं प्रेम.* कोणताही आईबाप मुलाला ‘हरलास तर माझं प्रेम कमी होईल’ असं सांगत नाही. मूल ते इतर गोष्टींवरून वाचतं. जिंकल्यावर घरी परततानाच्या गप्पा आणि हरल्यावरची शांतता, यांतला फरक ते मोजत असतं. पुढच्या तीन सामन्यांनंतर एक प्रयोग करा. घरी पोहोचेपर्यंत सामन्याचा विषय तुम्ही काढायचा नाही. मुलाने काढला तर ऐकायचं, सुधारणा सुचवायच्या नाहीत. बोलायचंच असेल तर ‘तुला खेळताना बघायला मला आवडतं’ एवढं पुरे. आणि हे हरल्याच्या दिवशीही म्हणा. त्याची खरी गरज त्याच दिवशी असते.

*दोन दगडांवर पाय.* विद्यार्थी खेळाडूचं हे खास दुखणं. प्रशिक्षक सरावाचं वेळापत्रक परीक्षा नसल्यासारखं आखतात, शिक्षक गृहपाठ सराव नसल्यासारखा देतात, आणि दोन्हींची बेरीज फक्त मुलाच्या अंगावर पडते. फिनलंडमधल्या क्रीडा शाळांत माटिल्डा सोर्किला आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात खेळाचं बर्नआउट आणि अभ्यासाचं बर्नआउट या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं दिसलं. म्हणजे मूल अभ्यासाने पिचलेलं असताना आपण सराव कमी करत बसू, किंवा उलट. वहीत परीक्षेच्या तारखा लिहिल्या की हे लगेच दिसतं.

पायरी ५: बोलणं

शोधलेलं सगळं या टप्प्यावर फुकट जाऊ शकतं. समोरासमोर बसवून ‘आपल्याला बोलायचंय’ म्हटलं की मूल आधीच बचावाच्या पवित्र्यात जातं. चालताना, भांडी आवरताना, गाडीत शेजारी बसून बोलणं सोपं जातं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही.

निरीक्षणाने सुरुवात करा, निदानाने नको. ‘तुला बर्नआउट झालंय’ असं म्हणण्यापेक्षा ‘हल्ली सरावाहून आल्यावर तू थेट खोलीत जातोस, मला जरा काळजी वाटते’ असं म्हणा. मग थांबा. ती शांतता तुम्हाला लांबलचक वाटेल. ती भरून काढू नका.

‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’, ‘आमच्या वेळी’, ‘थोडं सहन कर, पुढे फळ मिळेल’ ही वाक्यं टाळा. त्यांत प्रेम असतं हे मला माहीत आहे. पण अडकलेल्या मुलाच्या कानाला ती आणखी एका कुलपासारखी लागतात. आणि मूल ‘मला सोडायचंय’ म्हणालं, तर त्याच दिवशी होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. ‘बरं झालं सांगितलंस. आपण दोघं मिळून बघू. तुझं म्हणणं मी धरून ठेवलंय,’ एवढं म्हणा आणि पुढच्या बोलण्याचा दिवस ठरवा. तो दिवस मात्र पाळा.

पायरी ६: आठवडा बदला

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार माणसाची प्रेरणा तीन गरजांवर जगते: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटणं, आणि आपल्या माणसांत असल्याची जाणीव. या तिन्ही गरजा मारल्या जातात तिथे बर्नआउट वाढतं. म्हणून बदल करताना नुसते तास कापू नका, या गरजांना खतपाणी घाला.

निवडीपासून सुरू करा. आठवड्यातल्या एका सत्रातला अर्धा तास काय करायचं हे मुलाने ठरवायचं. त्यात ते गंमत म्हणून भलताच खेळ खेळलं तरी चालेल. कोणत्या स्पर्धा वगळायच्या, यात त्याचं मत खरोखर मोजलं जावं. आधी ठरवून मग विचारण्याचं नाटक मुलांना लगेच कळतं.

जमल्याची जाणीव परत आणायला निकालापासून नजर हटवून हाताशी असलेल्या छोट्या गोष्टींकडे वळवा. महिन्यापूर्वी न जमणारं, आज जमणारं एक कौशल्य वहीत लिहायला सांगा.

तासांबद्दल थोडक्यात. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन संघटना आठवड्यातून १ ते २ दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षभरात एकूण ३ महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांत, त्या खेळापासून विश्रांती सुचवते. मुलाच्या वयाइतक्या तासांपेक्षा जास्त संघटित सराव आठवड्यात होत असेल तर दुखापतीचा धोका वाढतो, असंही अभ्यासांत दिसलं आहे. चौदा वर्षांच्या मुलाला चौदा तास, असा सोपा हिशेब. परीक्षेच्या आठवड्यात भार आधीच उतरवा, परीक्षा तोंडावर आल्यावर नव्हे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ‘अमेरिकन फुटबॉल’ खेळाडूंवरच्या एका अभ्यासात परीक्षांच्या आठवड्यांत दुखापती वाढलेल्या आढळल्या होत्या. डोक्यावरचा ताण स्नायूंपर्यंत पोहोचतो तो असा.

पायरी ७: थांबायचं ठरलं तर नीट थांबा

काही मुलांना आठवडा बदलून पुरत नाही. त्यांना थांबावंच लागतं. अर्धवट थांबणं, म्हणजे सरावाला जायचं नाही पण रोज ‘कधी जाणार’ हे ऐकायचं, यात विश्रांती नसते. कालावधी ठरवा, समजा सहा आठवडे. त्या काळात खेळाचा विषय मुलाने काढला तरच निघेल. मित्र मात्र तुटू देऊ नका. संघातल्या मुलांशी मैदानाबाहेर भेट होत राहू दे. परतण्याची अट घालू नका.

ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅशली बार्टीचं उदाहरण मी आवर्जून सांगते. २०११ मध्ये, पंधराव्या वर्षी ती विम्बल्डनची ज्युनियर विजेती झाली. २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी तिने टेनिस थांबवलं. मधल्या काळात ती ब्रिस्बेन हीटकडून व्यावसायिक क्रिकेट खेळली. २०१६ मध्ये ती टेनिसकडे परतली, २०१९ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली आणि जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पुढे विम्बल्डन आणि ऑस्ट्रेलियन ओपनही जिंकून मार्च २०२२ मध्ये, अव्वल क्रमांकावर असताना, पंचविसाव्या वर्षी तिने निवृत्ती घेतली. ही गोष्ट मुलांना ‘बघ, थांबली म्हणून जिंकली’ अशी सांगू नका. थांबणं, परतणं आणि पुन्हा सोडणं हे तिन्ही निर्णय तिचे होते, असं सांगा.

आणि मूल परतलंच नाही तर? तर त्याने एक खेळ सोडला, एवढंच झालं. तुम्हाला दुःख होईल, आणि ते खरं दुःख आहे. पण ते मुलासमोर मांडू नका. जोडीदाराशी, मित्राशी बोला.

पायरी ८: प्रशिक्षकांसाठी

तुमच्या हातात पालकांपेक्षाही जास्त आहे. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना शिकवण्याचा एक छोटा कार्यक्रम केला. चांगल्या प्रयत्नाची दखल घ्यायची, चुकीनंतर धीर द्यायचा आणि नेमकी सूचना द्यायची, शिक्षा टाळायची, इतपतच त्याचा आशय. १९९२ मध्ये बार्नेट, स्मोल आणि स्मिथ यांनी पुढच्या हंगामातले आकडे प्रसिद्ध केले: असं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांतून ५ टक्के मुलांनी खेळ सोडला, इतर संघांतून २६ टक्के. प्रशिक्षकाच्या तोंडच्या शब्दांत एवढी ताकद असते.

म्हणून पुढच्या आठवड्यात एक सत्र रेकॉर्ड करून स्वतः ऐका. किती वेळा नाव घेऊन चूक सांगितली, किती वेळा नाव घेऊन चांगलं सांगितलं, ते मोजा. मुलांची आपापसांत तुलना किती वेळा केली तेही मोजा. ‘करायचं म्हणजे करायचं’ याऐवजी ‘हे आपण या कारणासाठी करतोय’ एवढं एक वाक्य जोडून बघा. संघात जो मुलगा किंवा मुलगी कधीच तक्रार करत नाही, त्याच्याशी या आठवड्यात पाच मिनिटं खेळ सोडून दुसऱ्या विषयावर बोला. धोका बहुतेकदा शांत मुलांपाशी असतो, कारण त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही.

पायरी ९: हे तुझ्यासाठी

तू खेळतोस किंवा खेळतेस, आणि इथपर्यंत वाचलंयस, तर काही गोष्टी थेट सांगते.

खेळ नकोसा वाटणं म्हणजे तू कमकुवत आहेस असं नाही. ज्यांनी खूप जीव ओतला, त्यांच्याही बाबतीत हे होतं. घरच्यांचे पैसे वाया जातील ही भीती तुझ्या मनात असेल. ती मोठ्यांची जबाबदारी आहे, तुझी नाही. त्यांनी खर्च केला तो तुझ्यासाठी. तो तुला फेडायचा नाही.

एक विश्वासाचा मोठा माणूस निवड. आईबाबा नसतील तर शिक्षक, मावशी, काका, मोठी बहीण, कोणीही. तोंडाने सांगणं अवघड असेल तर मेसेज लिही: ‘मला सरावाबद्दल बोलायचंय. लगेच सल्ला नको, फक्त ऐक.’ पहिल्या माणसाने नीट ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग.

आणि सगळंच सोडून द्यावंसं, जगणंच नको असं वाटत असेल, तर हे वाचून झाल्यावर नको, आत्ताच जवळच्या मोठ्या माणसाला सांग किंवा तू राहतेस तिथल्या हेल्पलाइनला फोन कर.

पायरी १०: सहा आठवड्यांनी

पुन्हा दोन आठवडे वही भरायला सांगा. आधीची पानं तोवर उघडू नका. तुलना करताना भाराचे आणि झोपेचे आकडे नंतर बघा. आधी निघतानाचा आणि परततानाचा आकडा बघा, आणि ‘आज मी स्वतः काय ठरवलं’ ही ओळ किती दिवस भरली आहे ते मोजा. थकवा बहुधा आधी उतरतो, मन उडालेलं असेल तर ते परत यायला वेळ लागतो. त्यामुळे झोप सुधारली पण ओढ आली नाही, म्हणून निराश होऊ नका. पायरी ४ मधला ‘उद्या काहीही न गमावता सोडता आला तर’ हा प्रश्न पुन्हा विचारा आणि उत्तर मागच्या उत्तराशेजारी लिहा. काहीच हललं नसेल, तर खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची वेळ घ्या आणि दोन्ही वेळच्या नोंदी सोबत न्या. मुलाची त्याला हरकत नसेल, तरच.